गोळी बंद करू का, डॉक्टर?

या महिन्याच्या टपालात ‘गोळी बंद करू का?’ हा प्रश्न नेहमीप्रमाणे पहिल्या क्रमांकावर आहे. दुसरा, ‘नवीन काही निघालंय का?’ सोलापुरातल्या माझ्या मेंदूविकारांच्या ओपीडीतही दिवसभर हेच दोन प्रश्न येतात. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, तर कधी तेलुगूत. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, निघालंय’ असंच असतं. त्यानंतर कुणी विचारत नाही, की त्याचा फायदा किती, कुणाला आणि किती वेळात घेतलं तर. या वेळी पत्रं निवडताना मी मुद्दाम तेवढंच डोळ्यांसमोर ठेवलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत. आणि एक विनंती पुन्हा : एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेला लावून काढलेले फोटो पाठवू नका. त्यात तुमच्या अंगणातला पेरू मला स्पष्ट दिसतो, मेंदू दिसत नाही.

‘वेळ निघून गेली’ हे खरं होतं का?

*वडील ६८ वर्षांचे. पहाटे पाचला उठले तर उजवा हात उचलेना, बोलणं बोबडं. जवळच्या डॉक्टरांनी बीपी १९० आहे म्हणून जिभेखाली गोळी दिली आणि सलाईन लावलं. दुपारी दोनला मोठ्या दवाखान्यात नेलं, तर ‘गुठळी विरघळवायची वेळ निघून गेली’ असं सांगितलं. पण आता चोवीस तासांपर्यंत उपचार होतो असं मी वाचलं आहे. आम्हाला फसवलं का? — एक वाचक, बार्शी तालुका*

फसवलं असं पत्रावरून तरी दिसत नाही. साडेचार तास आणि चोवीस तास हे पक्षाघाताच्या दोन वेगळ्या उपचारांचे आकडे आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची खिचडी होते.

पहिला उपचार म्हणजे शिरेतून दिलं जाणारं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. १९९५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानं ते तीन तासांपर्यंत उपयोगी पडतं हे दाखवलं, २००८ च्या युरोपातल्या अभ्यासानं मुदत साडेचार तासांवर नेली. फायदा किती? सगळे अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये हिशोब मांडला गेला. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या शंभरातले साधारण ३३ रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले, न मिळालेल्यांतले २३. तीन ते साडेचार तासांत हेच आकडे ३५ आणि ३० असे होते. म्हणजे शंभरात दहाचा फायदा दीड तासात पाचावर येतो. शिवाय पहिल्या आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येण्याचा धोका शंभरात दोनाच्या आसपास वाढतो. साडेचार तासांनंतर साध्या सिटी स्कॅनच्या आधारावर ते इंजेक्शन देणं म्हणूनच जोखमीचं.

दुसरा उपचार म्हणजे जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन गुठळी ओढून काढणं. हा फक्त मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तरच. २०१८ च्या ‘डॉन’ या अभ्यासात सहा ते चोवीस तासांच्या रुग्णांवर तो केला आणि निकाल थक्क करणारा आला : तीन महिन्यांनी शंभरातले ४९ जण स्वतःचं स्वतः करू शकत होते, हा उपचार न झालेल्यांत फक्त १३. मात्र तिथे रुग्ण निवडून घेतले होते. ज्यांच्या मेंदूचा मेलेला भाग स्कॅनमध्ये लहान दिसत होता आणि लक्षणं त्या मानानं मोठी होती, म्हणजे वाचवण्यासारखा भाग अजून शिल्लक होता, असेच. पुढे मेलेला भाग मोठा असलेल्या काहींनाही फायदा होतो हे दिसलं आहे. तरी ‘चोवीस तास आहेत, जेवून निघू’ असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. तुमच्या वडिलांची मोठी वाहिनी बंद होती का, हे अँजिओग्राफीसह केलेल्या स्कॅनमध्ये कळलं असतं. ती केली होती का, हे केस पेपरवर पाहा. विचारण्यासारखा प्रश्न तो आहे.

आता पहाटे पाचचं. झोपेतून उठताना लक्षणं दिसली तर घड्याळ पाचपासून सुरू होत नाही. रात्री शेवटचं कुणी त्यांना धड पाहिलं तिथपासून सुरू होतं. रात्री दहाला झोपले असतील तर पाचलाच सात तास उलटलेले. यावर एक वाट निघाली आहे. एमआरआयच्या एका चित्रात पक्षाघात दिसतो आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात अजून दिसत नाही, तेव्हा तो ताजा आहे असं समजून इंजेक्शन देता येतं; २०१८ च्या युरोपातल्या अभ्यासानं ते दाखवलं. त्यासाठी रात्री-पहाटे एमआरआय चालू असलेलं केंद्र लागतं. आपल्या जिल्ह्यांत अडतं ते इथे.

मला खरा राग आहे तो जिभेखालच्या गोळीवर. पक्षाघातात बीपी वाढतं ते बऱ्याचदा मेंदूला रक्त पोचवण्याची शरीराची धडपड म्हणून. गुठळीच्या पलीकडचा अर्धमेला भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या रक्तावर तग धरून असतो. बीपी धाडकन खाली आणलं की तो उपाशी मरतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर बीपी १८५/११० च्या खाली आणावंच लागतं, पण ते शिरेतून, मोजत मोजत. याउलट मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर बीपी लवकर उतरवणं चांगलं. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखीच. २०२४ मध्ये चीनमध्ये सुमारे २,४०० रुग्णांचं बीपी अँब्युलन्समध्येच उतरवून पाहिलं : रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांचं नुकसान झालं, बेरीज शून्य. सिटी स्कॅनच्या आधी ना बीपीची गोळी, ना अॅस्पिरिन, असं मी आमच्या भागातल्या डॉक्टर मंडळींना प्रत्येक बैठकीत सांगते. साखर मात्र लगेच तपासा. मधुमेह्यांत साखर फार उतरली तरी हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं.

घरच्यांनी करायचं ते एवढंच : १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी, वाटेतूनच दवाखान्याला फोन करून ‘स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन आत्ता उपलब्ध आहे का’ हे विचारणं, शेवटचं ठीक पाहिल्याची वेळ कागदावर लिहिणं, आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकणं. अलीकडे टेनेक्टेप्लेज हे औषध आल्यानं तालुक्याच्या दवाखान्यांचं काम सोपं व्हावं. जुनं औषध तासभर पंपानं सोडावं लागतं. हे काही सेकंदांत एकदम देता येतं आणि मग रुग्णाला मोठ्या केंद्राकडे रवाना करता येतं. कॅनडातल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात ते जुन्याच्या तोडीस तोड ठरलं, आणि पुण्यातली जेनोव्हा कंपनी ते बनवते.

मुलीचं लग्न ठरतंय, फिटची गोळी बंद करू का?

*मुलगी २३ वर्षांची. पंधराव्या वर्षी पहिली फिट आली. व्हॅल्प्रोएटच्या गोळीवर तीन वर्षं एकही नाही. ईईजीही (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आहे. स्थळं येत आहेत. आता गोळी थांबवली तर चालेल का? सासरच्यांना सांगावं का? — एक आई, सिन्नर*

ताई, पत्र तुम्ही लिहिलंत ते ठीक, पण पुढचं पत्र मुलीकडून येऊ द्या. मला तिलाच विचारायचं आहे : फिट यायची त्या काळात सकाळी उठल्यावर हाताला झटके बसायचे का, कपबशी किंवा ब्रश हातातून उडायचा का? उत्तर ‘हो’ असेल तर हा किशोरवयात सुरू होणारा विशिष्ट प्रकार असण्याची शक्यता मोठी. तो गोळीला छान दाद देतो आणि गोळी थांबवली की बहुतेकांत परततो. कधी परततो? जागरण झालं की. लग्नघरात किती जागरणं होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. ईईजी नॉर्मल आहे याचा अर्थ त्या अर्ध्या तासात काही दिसलं नाही, इतकाच.

म्हणजे औषध थांबवायचं नाही. पण हेच औषध पुढे चालू ठेवायचं का, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण दहा जणींच्या बाळात जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासात, गर्भात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी इतर फिटच्या औषधांच्या तुलनेत ८ ते ११ गुणांनी कमी भरला. डोस जितका जास्त, तितका धोका जास्त. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गर्भवतींची नोंदवही ठेवली जाते. भारतीय बायकांबद्दल आम्ही जे खात्रीनं बोलतो त्यातलं बरंच तिथून आलेलं.

मग सरळ बदलून का टाकत नाही? कारण या प्रकारच्या फिटवर व्हॅल्प्रोएटइतकं चांगलं दुसरं औषध नाही. २०२१ च्या ब्रिटनमधल्या तुलनेत लेव्हेटिरॅसिटाम त्याच्या मागे पडलं. इथे मी मुलीची बाजू घेते : लग्न ठरण्याच्या आधी, सावकाश, दुसऱ्या औषधावर जाऊन पाहायचं. बहुधा लेव्हेटिरॅसिटाम. जुनं उतरवत, नवं चढवत, यात काही महिने जातात. या काळात दुचाकी नको, विहिरीवर एकटीनं जाणं नको. चिडचिड किंवा उदासपणा वाढला तर कळवा, या औषधाचा तो ज्ञात त्रास आहे. लॅमोट्रिजिन हा दुसरा पर्याय बाळासाठी सुरक्षित, पण त्यानं काहींचे सकाळचे झटके वाढतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी त्याची रक्तातली पातळी घसरते. फॉलिक अॅसिड आतापासूनच सुरू करा. गर्भ राहिल्याचं कळेपर्यंत बाळाच्या पाठीच्या कण्याची घडण बऱ्याच अंशी होऊन गेलेली असते. आणि कुणी ‘दिवस गेलेत, गोळ्या टाकून दे’ म्हटलं तर ऐकायचं नाही. मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते.

सासरी सांगा. कायद्याचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी फेफरं हा विवाहाला अडथळा मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढला. पण माझं कारण कायद्याचं नाही. ज्या मुली लपवून सासरी जातात त्या गोळी उशीखाली, पर्समध्ये, डाळीच्या डब्यात ठेवतात, आणि पाहुणे असले की चुकवतात. फिट येते ती नेमकी त्याच दिवशी, सगळ्यांसमोर. सांगितल्यावर मोडणारं स्थळ आधीच मोडलेलं बरं.

सासरच्यांना हेही शिकवा : फिट आल्यावर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवायच्या, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि घरात ठेवा.

अमेरिकेतलं अल्झायमरचं इंजेक्शन आईला मिळेल का?

*आई ७४ वर्षांची. स्मृतिभ्रंशाचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १४ गुण. आता रात्री ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणते. हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो लेकानेमॅब आणवूया, खर्च मी करतो. — एक वाचक, डोंबिवली*

भावाची तळमळ समजते. लांब असलेल्या मुलांना पैसे पाठवणं एवढंच हातात असतं. पण हे औषध तुमच्या आईसाठी नाही, आणि त्याची दोन स्वतंत्र कारणं तुमच्या पत्रातच आहेत.

२०२२ च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात १,७९५ रुग्ण होते, सगळे अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले. त्याच ३० गुणांच्या चाचणीत २२ किंवा त्याहून जास्त असलेले. आईचे १४ आहेत. दुसरं, या औषधानं मेंदूत सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव होतात : सूज १२.६ टक्के रुग्णांत दिसली. बहुतेकांना जाणवलीही नाही, पण काहींना जड गेली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ते देऊ नये असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे.

पात्र असलेल्यांना तरी किती फायदा? बातमीत ‘२७ टक्के’ येतं. दीड वर्षात १८ गुणांच्या एका मोजपट्टीवर औषध न घेतलेले १.६६ गुणांनी खालावले, घेतलेले १.२१ गुणांनी. फरक ०.४५. घसरण थांबली नाही, मंदावली. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, मधे मधे एमआरआय, आणि अमेरिकेत फक्त औषधाची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. संशोधन म्हणून हे मोठं पाऊल आहे, यात मला शंका नाही. मेंदूत साचलेलं अमिलॉइड हे प्रथिन काढलं तर आजाराच्या गतीत फरक पडतो हे पहिल्यांदा नीट दिसलं. पण घरातल्या माणसाला ०.४५ चा फरक दिसेल का, यावर जगभरचे न्यूरोलॉजिस्ट अजून भांडतात, आणि मी ‘फारसा नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाकावर आहे.

भावाला म्हणावं, पैसे इथे लाव. बी-१२, थायरॉइड आणि एक सिटी स्कॅन झालं आहे का पाहा. म्हाताऱ्या माणसांत किरकोळ पडण्यानंतर कवटीखाली हळूहळू साचणारं रक्त स्मृतिभ्रंशासारखं वागतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर जास्तच. ते काढता येतं. आईच्या गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा. लघवी रोखण्याच्या, झोपेच्या, अॅलर्जीच्या, कंपाच्या काही जुन्या गोळ्या गोंधळ वाढवतात, आणि लिहून देणारे डॉक्टर वेगवेगळे असल्यानं ते कुणाच्या लक्षात येत नाही. कानाचं यंत्र हवं असेल तर घ्या. आणि रात्रपाळीला एक बाई ठेवा. ‘माझ्या घरी सोडा’ म्हणणाऱ्या माणसाला ‘हेच तुझं घर’ असं पटवत बसू नका; चप्पल घाला, मजल्यावर एक फेरी मारून आणा, विषय बदला. चोवीस तास एकाच मुलीनं किंवा सुनेनं हे केलं की सहा महिन्यांत माझ्याकडे दोन पेशंट येतात.

अल्झायमरच्या एका रक्तचाचणीबद्दलही या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पी-टाऊ २१७ या प्रथिनावर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएनं मे २०२५ मध्ये मान्यता दिली. ती विसरभोळेपणाची लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञानं तपासलेल्या माणसासाठी आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरलात म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती करून घेऊ नका.

नागिणीच्या लशीनं स्मृतिभ्रंश टळतो म्हणे?

*— एक निवृत्त बँक अधिकारी, नागपूर*

या बातमीमागचा अभ्यास मला या वर्षभरात वाचलेल्यांत सर्वांत देखणा वाटला. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता, की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळेल; त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकानं जन्मलेली, बाकी सर्व बाबतींत सारखी माणसं आपोआप दोन गटांत वाटली गेली. सात वर्षांनी लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाची नवी निदानं सुमारे २० टक्क्यांनी कमी होती. बायकांत फरक जास्त. एप्रिल २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती लस जुनी होती. आता वापरात आहे ती वेगळ्या पद्धतीची. तरी पन्नाशीनंतर नागिणीसाठी ती घ्यावी असं मी आधीही सांगत होते, कारण नागिणीनंतरची जळजळ मी रोज पाहते. स्मृतिभ्रंशाचा फायदा झाला तर वर. बीपी, साखर आणि बहिरेपणा यांकडे मात्र त्या आधी बघा.

दुसऱ्यांदा आयव्हीआयजी का दिलं नाही?

*२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, यात हात-पाय लुळे पडतात) साथ आली त्यात माझे मिस्टर सापडले. पाच दिवस आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचं शिरेतलं औषध) दिलं. खर्च लाखांत. सुधारणा मंद होती, तरी डॉक्टरांनी दुसरा कोर्स दिला नाही. आजही डावं पाऊल लटकतं. दिला असता तर बरे झाले असते ना? — एक वाचक, धायरी*

नाही. हे ठामपणे सांगता येतं, कारण नेमका हाच प्रश्न नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासून २०२१ मध्ये उत्तर दिलं. लक्षणं गंभीर असलेल्या ९३ रुग्णांपैकी अर्ध्यांना दुसरा कोर्स दिला, अर्ध्यांना नुसतं निष्प्रभ द्रावण. सुधारणेत फरक पडला नाही. दुसरा कोर्स मिळालेल्यांत रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर त्रास मात्र जास्त झाले. तुमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला नाही, ते बरोबर वागले.

त्या साथीत दोनशेहून अधिक रुग्ण झाले आणि बऱ्याच जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू निघाला. या जंतूच्या कवचावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग तंतूंवर तुटून पडतात. म्हणून जुलाब बरे झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पाय लुळे पडतात. आयव्हीआयजी हा हल्ला लवकर आवरतं; झालेली मोडतोड ते दुरुस्त करत नाही. या जंतूनंतरच्या जीबीएसमध्ये पुष्कळदा तंतूचं वेष्टनच नाही तर आतली तारही तुटते, आणि ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंत किती मिलिमीटर होतात ते मोजा. पाऊल सर्वांत शेवटी का येतं ते लक्षात येईल. तोपर्यंत पायात घालायचा प्लास्टिकचा आधार बनवून घ्या आणि घोट्याचा सांधा आखडू देऊ नका. सांधा आखडला तर तंतू परत येऊनही उपयोग नाही.

खर्चाबद्दल. रक्तद्रव बदलण्याचा जुना उपाय आयव्हीआयजीइतकाच परिणामकारक आहे, आणि पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडतो. ढाक्यातल्या डॉक्टरांनी तर यंत्राशिवाय, साध्या पिशव्या आणि नळ्या वापरून थोडं थोडं रक्तद्रव बदलण्याची पद्धत २० रुग्णांवर करून दाखवली आणि २०१८ मध्ये छापली. मोठ्या अभ्यासाची वाट अजून पाहायची आहे. पण गरीब देशाचा प्रश्न गरीब देशातच सोडवायचा हा प्रयत्न मला आवडतो. स्टेरॉइड या आजारात उपयोगी नाही, हे पुन्हा एकदा सांगते, कारण अजूनही लिहिलं जातं.

खाजकुइली, लेव्होडोपा आणि स्टेम सेल

*मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७. कंपवात तीन वर्षं. लेव्होडोपा लवकर सुरू केली तर चार-पाच वर्षांत तिचा असर संपतो असं ऐकल्यानं मी ती लांबवत आलो. खाजकुइलीचं चूर्ण घेतो, त्यानं बरं वाटतं. शर्टाची बटणं लावायला मदत लागते. स्टेम सेलची जाहिरात पाहिली, साडेसहा लाख सांगतात. — रत्नागिरी*

गुरुजी, बटणं स्वतः लावता यावीत यासाठीच तर गोळी असते. ती आजच्यापेक्षा वाईट दिवसांसाठी राखून ठेवण्यात काही मिळत नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांच्या अभ्यासात अर्ध्यांना लगेच, अर्ध्यांना चाळीस आठवड्यांनी लेव्होडोपा दिली. ८० आठवड्यांनी दोघे सारखेच. गोळीनं आजार मंदावला नाही, बिघडलाही नाही. त्याहून बोलका अभ्यास घानामधला. तिथल्या रुग्णांना औषध परवडत नसल्यानं ते इटलीतल्या रुग्णांपेक्षा खूप उशिरा मिळायचं. तरी हात-पाय वेडेवाकडे हलणं आणि गोळीचा असर अधूनमधून उतरणं हे त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले. म्हणजे ते घडतं आजार पुढे गेल्यामुळे आणि डोस मोठा असल्यामुळे. गोळी किती वर्षं घेतली यावर ते अवलंबून नाही.

आणि चूर्णानं बरं का वाटतं? खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असते! तुम्ही तीन वर्षं जी टाळत आहात तीच चमच्यानं घेत आहात. माझी हरकत आयुर्वेदाला नाही, मापाला आहे. बी कुठल्या रानातलं, किती जुनं, यावर त्यातलं प्रमाण बदलतं. गोळीत सोबत कार्बिडोपा असतं, त्यामुळे औषध वाटेत वाया न जाता मेंदूपर्यंत पोचतं आणि मळमळ कमी होते. दोन्ही एकत्र मात्र मुळीच घेऊ नका. भास होतात, उभं राहिल्यावर बीपी पडतं. चूर्ण घेता हे तुमच्या डॉक्टरांना सांगा, ते तो हिशोब धरून डोस ठरवतील. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. दूध, डाळ, मासे यांतली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. मासे सोडा असं रत्नागिरीच्या माणसाला सांगायची माझी हिंमत नाही, फक्त वेळ पाळा.

स्टेम सेलबद्दल : एप्रिल २०२५ मध्ये दोन चांगले अभ्यास आले. अमेरिका-कॅनडात १२ आणि क्योटोत ७ रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी शस्त्रक्रियेनं सोडल्या. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता. पेशी टिकल्या, धोका दिसला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. जगात या विषयाची घडी अजून एवढीच बसली आहे. जाहिरातीत पोटाच्या चरबीतून पेशी काढून शिरेत सोडतात, त्याचा या अभ्यासांशी संबंध नाही. आयसीएमआरची २०१७ ची नियमावली सांगते, की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरावेत. त्या दवाखान्याला सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. साडेसहा लाख मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

पक्षाघातानंतर मेंदूचं टॉनिक किती महिने घ्यायचं?

*— एक वाचक, लातूर*

सिटिकोलिनबद्दल विचारत असाल तर २०१२ मध्ये स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतल्या २,२९८ रुग्णांवर ते तपासलं गेलं. सहा आठवडे घेऊनही न घेतलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. तरीही आपल्याकडे चिठ्ठीवर ते जवळजवळ छापूनच येतं, कारण ‘काहीतरी ताकदीचं द्या’ असं नातेवाईक म्हणतात आणि ‘काही नाही’ म्हणायला डॉक्टरांना जड जातं. तो खर्च फिजिओथेरपिस्टकडे वळवा. ‘आम्ही घरीच करून घेतो’ असं म्हणाल, तर २०१७ मध्ये भारतातल्याच १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर घरच्यांना शिकवून व्यायाम करवून पाहिले होते. नेहमीच्या सेवेत त्यानं वेगळी भर पडली नाही. शिकलेला माणूस आठवड्यातून दोनदा येऊन व्यायाम बदलून देईल तर घरच्यांच्या मेहनतीला दिशा मिळते.

बंद करायचं ते टॉनिक. बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी गोळी नाही. पुढच्या तपासणीला येताना वहीत सात दिवसांचं बीपी लिहून आणा, सकाळी गोळी घेण्याआधी मोजलेलं, बसून, हात टेबलावर ठेवून.